स्वप्नांचे सामूहिक वाचन

बाबाजी चैतन्यांचा उपदेश आपल्याला स्वप्नात झाला, असे तुकोबा सांगतात. बेडकाच्या हृदयावरील प्रसिद्ध प्रयोग ऑटो लोवी यांना झोपेतच सुचला आणि पुढे १९३६ चे नोबेल मिळाले. परंतु ही एकेकट्याची स्वप्ने झाली. अनेकांची स्वप्ने एकत्र मांडली तर समाजाचे दुखणे कळते काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

शार्लोट बेराड्ट या पत्रकार विदुषीने १९३३ पासून १९३९ पर्यंत हिटलरच्या जर्मनीत शेकडो लोकांची स्वप्ने गुपचूप टिपली व १९६६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्यांत १९३४ मधील एका डॉक्टरचे स्वप्न आहे. रुग्ण तपासून झाल्यावर तो पुस्तक घेऊन आडवा होतो, तोच घराच्या भिंती नाहीशा होतात. दृष्टी पोहोचेल तिथवर कोणाच्याच घराला भिंत नाही, आणि ध्वनिक्षेपकावरून भिंती रद्द केल्याचा हुकूम ऐकू येतो! दिवसा कोणी उच्चारू धजत नव्हते ते भय रात्री असे बोलत होते.

१९८२ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटमध्ये गॉर्डन लॉरेन्स यांनी याला पद्धतीचे रूप दिले. खुर्च्या समोरासमोर न मांडता हिमकणाच्या पाकळ्यांसारख्या मांडतात, जेणेकरून कोणी कोणाचा चेहरा न्याहाळू नये. एकाने स्वप्न सांगावे. दुसऱ्याने त्यावरून आठवलेले, किंवा स्वतःचे स्वप्न, त्याला जोडावे. 'तुम्हालाच असे का दिसले?' हा प्रश्न वर्ज्य. स्वप्न महत्त्वाचे, पाहणारा नव्हे. तयार तोडगा यातून हाती येत नाही. न बोललेली अडचण मात्र बोलली जाते.

येथे सावधगिरी हवी. मलेशियातील सेनोई लोक रोज सकाळी स्वप्ने सांगून तंटे मिटवतात, असे मोहक वर्णन किल्टन स्ट्युअर्ट यांनी केले. नंतरच्या अभ्यासकांना तसे काही आढळले नाही.

बालरोगतज्ज्ञाने प्रथम भेद करावा. रात्रीच्या पहिल्या प्रहरी किंचाळून उठणाऱ्या आणि सकाळी काहीच न आठवणाऱ्या मुलाला खोदून विचारू नये. ती निद्राभीती होय. उत्तररात्री जागे होऊन स्वप्न सांगणाऱ्या मुलाचे मात्र ऐकावे. मी कागद व खडू देतो. एका पावसाळ्यात पंधरा दिवसांत तीन मुलांनी बंद गाडीत एकटे राहिल्याचे चित्र काढले. तिघेही एकाच शाळेच्या व्हॅनने जाणारे. स्वप्न ही साक्ष नव्हे, म्हणून मी कोणावर ठपका ठेवला नाही. पालकांच्या संमतीने तिन्ही घरांची भेट घडवली. त्यांनी दिवसा, सहज, चौकशी केली तेव्हा कळले, की एक चिमुरडी झोपेतच व्हॅनमध्ये राहून गेली होती व चालकाने मुलांना गप्प बसवले होते. सुदैवाने तिला इजा झाली नव्हती. आता उतरताना मुलांची मोजणी होते, आणि त्यासाठी शाळेने एक ताई नेमली आहे.