खदान, खड्डा आणि राजगिऱ्याचा लाडू (इयत्ता ४ थी, परिसर अभ्यास)



आमची शाळा चंद्रपूर जिल्ह्यात, कोळशाच्या खाणीपासून अगदी जवळ. (पुस्तकात 'खाण' असतं, आमच्याकडे सगळे 'खदान'च म्हणतात.) ब्लास्टिंग झालं की वर्गाच्या खिडक्या थरथरतात, मुलं मात्र वहीतून मान वर काढत नाहीत. त्यामुळे नैसर्गिक साधनसंपत्तीचा घटक इथे सोपा जाईल असं मला वाटलं होतं.

पहिल्या वर्षी मी भित्तिपत्रकं करून घेतली. काळा धूर, तुटलेली झाडं, रडणारी पृथ्वी आणि खाली मोठ्या अक्षरात 'खाणी बंद करा'. छान झाली होती. मधल्या सुट्टीत एक मुलगा जवळ आला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, खदान बंद झाली त आमचे बाबा कुठी जातीन?"

त्याचे वडील खाणीत डंपर चालवतात. माझ्या वर्गातल्या काही घरांची चूल खाणीच्या पगारावर पेटते, काहींच्या कपाशीवर खाणीची धूळ बसते, आणि काही घरांच्या वाट्याला दोन्ही येतं. मी शिकवलं ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. वीज लागते म्हणून कोळसा काढतात, हे मुलांना माहीत असतं. तो कसा काढायचा आणि काढून झाल्यावर काय करायचं, हे मी सांगितलंच नव्हतं. पुढच्या वर्षी पाठ बदलला.

आधी फळ्यावर उघड्या खाणीचा उभा छेद काढते. सर्वांत वर सुपीक माती, तिच्याखाली मुरूम-दगडाचे थर, आणि त्याखाली कोळसा. एक टन कोळसा मिळवायला कित्येक घनमीटर माती-दगड उपसावा लागतो. त्यालाच 'ओबी' म्हणतात. गावाबाहेरचे ते 'डोंगर' डोंगर नाहीत, खड्ड्यातून निघालेले ढिगारे आहेत, हे कळल्यावर मुलं चकित होतात. मोठ्यांपैकीही काही होतात!

मग लाडू. प्रत्येक गटाला शेंगदाणे घातलेला राजगिऱ्याचा एक लाडू, दोन टूथपिक, चौकटीचा कागद आणि कागदी शंभर रुपये. लाडू कागदावर ठेवून त्याच्याभोवती पेन्सिलने गोल काढायचा. ही तुमची जमीन. जमिनीचे ३० रुपये, खोदाईचे मिनिटाला ५ रुपये. अख्खा निघालेला शेंगदाणा २० रुपयांना विकला जातो. शेवटी गोलाबाहेरच्या ज्या ज्या चौकटीत चुरा सापडेल, त्या प्रत्येक चौकटीला ५ रुपये दंड. (खायचे लाडू वेगळे ठेवा. चुरा कोणी खात नाही आणि डोळे मात्र सगळ्यांचे लाडवावर असतात.)

एका गटाने पाच मिनिटांत लाडू फोडून सहा शेंगदाणे काढले, १२० रुपये कमावले. पण चुरा १४ चौकटींत उडाला होता. दंड ७०, जमीन ३०, वेळेचे २५. एकूण खर्च १२५, म्हणजे ५ रुपये तोटा. शेजारच्या गटाने आठ मिनिटं हळूहळू टोकरून चारच शेंगदाणे काढले. कमाई ८०, खर्च ३० अधिक ४०, दंड एका चौकटीचा ५. नफा ५ रुपये. पहिल्या गटाने खूप वाद घातला. "दंड नसता त आमीच जिंकलो असतो." अगदी बरोबर! दंड नसता तर तेच जिंकले असते, हे मी मुद्दाम फळ्यावर लिहून ठेवलं.

दुसऱ्या फेरीत खोदाईआधीच प्रत्येक गटाचे ३० रुपये काढून घेऊन टेबलाच्या खणात ठेवले. गोल साफ करून चुरा परत आत भरला तरच ते परत मिळणार. या वेळी मुलांनी वरचा थर आधी सावकाश उचलून बाजूला ठेवला. मी काही सुचवलं नव्हतं.

हे खेळातलेच नियम नाहीत. भारतात कोळसा खाण सुरू करतानाच ती बंद कशी करणार याचा आराखडा द्यावा लागतो. २००९ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे त्यासाठीची रक्कम कंपनीला एस्क्रो खात्यात दरवर्षी भरावी लागते. या खात्यातले पैसे मनाला येईल तेव्हा काढता येत नाहीत. उघड्या खाणीसाठी तेव्हा हेक्टरी ६ लाख रुपये हा दर धरला होता. वरची सुपीक माती वेगळी साठवायची, कोळसा काढून झालेल्या भागात ओबी परत भरायची, वर ती माती पसरून झाडं लावायची, खाणीतून उपसलेलं पाणी गाळ बसवून मगच नाल्यात सोडायचं, असं हे काम चालणं अपेक्षित असतं. नागपूर जिल्ह्यात वेकोलिने ओबीतून रेती वेगळी काढून घरकुलांसाठी दिली. तेवढी रेती नदीतून उपसावी लागली नाही.

"पण मॅडम, लाडू परत गोल नाही होत," एक मुलगी म्हणाली. नाही होत. भरलेल्या जमिनीत पूर्वीचे पाण्याचे झरे परत येत नाहीत, आणि शेवटचा एक खड्डा बहुतेक उरतोच. हे मुलांपासून लपवू नये असं माझं मत आहे. झाडं लावली की सगळं ठीक झालं, असं सांगणारे फलक आपण पुष्कळ वाचतो.

आता त्या मुलाचा प्रश्न. त्याचं उत्तर मला गोव्यात सापडलं. तिथे बेकायदा खाणकामावरच्या शहा आयोगाच्या अहवालानंतर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लोहखनिजाच्या खाणी थांबवल्या. २०१४ मध्ये अटी घालून परवानगी दिली, वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली. २०१८ मध्ये ८८ लीज रद्द झाल्या आणि काम पुन्हा थांबलं. ट्रक दारात उभे, बार्ज नदीत उभ्या. नियम वेळेवर पाळले नाहीत म्हणून खाण एका दिवसात थांबते, तेव्हा नियम मोडणाऱ्याच्या आधी ड्रायव्हर घरी बसतो. मुलांना हे लगेच समजलं. जबाबदारीने खाण चालवणं हे झाडांसाठी जितकं आहे, तितकंच डंपरवाल्या बाबांसाठीही आहे.

गोव्याच्या २०१४ च्या निकालात आणखी एक गोष्ट होती. खनिजाच्या विक्रीतले १० टक्के एका कायम निधीत ठेवायचे, पुढच्या पिढ्यांसाठी. कारण खनिज एकदाच विकता येतं.

आपल्याकडे २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. खाणमालकाने रॉयल्टीशिवाय वेगळी रक्कम इथे भरायची असते. जुन्या लीजवर रॉयल्टीच्या ३० टक्के, लिलावातल्या नव्या लीजवर १० टक्के. हा पैसा खाणबाधित गावांच्या पिण्याच्या पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण अशा कामांसाठी आहे. पालकहो, आपलं गाव बाधित गावांच्या यादीत आहे का आणि कोणती कामं मंजूर झाली, हे ग्रामसभेत विचारता येतं. शाळेच्या पाण्याच्या टाकीचा विषयही तिथेच मांडता येतो.

यंदा भित्तिपत्रकांऐवजी मुलांनी प्रश्न लिहिले, खाणीचे अधिकारी शाळेत येतील तेव्हा विचारायला. 'ट्रकवर ताडपत्री का नसते?' 'आमच्या विहिरीचं पाणी खाली का गेलं?' 'खदान कोणत्या वर्षी संपणार?' डंपर चालवणाऱ्या बाबांचा मुलगा आता पाचवीत आहे. तरी तोही मधल्या सुट्टीत येऊन आपला प्रश्न लिहून गेला: 'खड्डा भरल्यावर ती जमीन कोणाची राहते?'