मरणाविषयी उघड बोलणे

वाचावयाचे उतारे : 2 शमुवेल 12:15–23, 2 राजे 20:1, ईयोब 2:11–13, योहान 11:17–36.

अमका मेला, असे आपण सहसा म्हणत नाही. वारला, गेला, देवाज्ञा झाली, असे म्हणतो. मंडळीत प्रभूमध्ये निद्रिस्त झाला, असे म्हणण्याचा प्रघात आहे. हे शब्द मऊ आहेत व मृताचा मान राखणारे आहेत; त्यांस दोष देण्याचे कारण नाही. परंतु माणूस जिवंत असून खाटेवर पडलेला असता, त्याच्या मरणाविषयी त्याच्यादेखत एक अक्षरही काढावयाचे नाही, अशी जी दुसरी रीत आहे, तिचा विचार ह्या धड्यात करावयाचा आहे. कोणी चुकून शब्द काढिलाच, तर घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, ‘अभद्र बोलू नको, वास्तू तथास्तु म्हणते.’ मरणाचे नाव घेतल्याने मरण येते, हे भय पुष्कळांनी बाप्तिस्मा घेतल्यावरही सोडलेले नाही. आपले जीवन व मरण देवाच्या हाती आहे असे जर आपण मानितो, तर ते घराच्या आढ्याच्या हाती आहे असे कसे मानावे?

1. दाविदाच्या वाड्यातील कुजबुज

पहिला उतारा सावकाश वाचा. दाविदाचे मूल आजारी पडले. दावीद सात दिवस उपाशी राहून जमिनीवर पडून होता. सातव्या दिवशी मूल मेले. परंतु सेवकांस ते राजाला सांगण्याचा धीर होईना. मूल जिवंत असता हा आमचे ऐकेना, आता मेले असे सांगितले तर हा आपल्या जिवाचे काय करून घेईल, अशी त्यांस धास्ती पडली. म्हणून ते आपसांत कुजबुजू लागले. ती कुजबुज पाहूनच दावीद समजला, आणि शेवटी त्यालाच विचारावे लागले. उत्तर मिळताच तो उठला, त्याने स्नान केले, परमेश्वराच्या मंदिरात जाऊन भजन केले, आणि घरी येऊन अन्न मागितले.

येथे तीन गोष्टी ध्यानात धराव्या. सेवकांचा हेतू वाईट नव्हता. ते धन्यावर माया करणारे होते. तथापि त्यांनी झाकलेले झाकले गेले नाही. आणि ज्या दुःखाने हा मरेल असे त्यांस वाटत होते, ते उघड कळल्यावरच तो उठून उभा राहिला.

आपल्या घरीही असेच घडते. सण नाही, लग्न नाही, आणि मुंबई-पुण्याची मुले एकाएकी का आली? डॉक्टरांनी मुलाला बाहेर का नेले? बायको परसात जाऊन डोळे पुसून का येते? हे सर्व आजारी माणूस पाहत असतो. त्याला कळलेले असते. फक्त ते कोणापाशी बोलावे हे कळत नसते. तो घरच्यांस दुःख होईल म्हणून गप्प राहतो, आणि घरचे त्याला दुःख होईल म्हणून गप्प राहतात. अशा रीतीने एका छपराखाली राहून सर्व एकटे पडतात.

एक इशारा देणे अवश्य आहे. त्या मुलाच्या मरणाचा दाविदाच्या पापाशी संबंध होता, म्हणून हा उतारा घेऊन कोणाही शोकग्रस्ताला ‘ही तुझ्या पापाची शिक्षा’ असे सांगू नये. शिलोहाचा बुरूज पडून जे मेले, ते इतरांहून अधिक पापी नव्हते, असे प्रभूनेच स्पष्ट केले आहे (लूक 13:4, 5).

2. झाकल्याने काय राहून जाते

हिज्कीया राजा मरणाच्या पंथास लागला तेव्हा संदेष्ट्याने त्याला आपल्या घराची व्यवस्था लावण्यास सांगितले. मरणाच्या अगोदर माणसाला कामे असतात. कोणाचे किती देणे आहे. शेत कोणाच्या नावावर चढावयाचे. भावाशी दहा वर्षांचे वैर आहे, त्याला बोलवावे की काय. धाकटी मुलगी कोणाच्या पदरी घालावी. ज्याला आपण मरत नाही असे भासविले, त्याच्या हातून ही कामे काढून घेतली असे होते.

आपल्या मंडळ्यांत आणखी एक गोष्ट आहे. पुष्कळ घरांत एक भाऊ ख्रिस्ती व बाकीचे भाऊबंद जुन्या धर्मात असतात. माणूस मेल्यावर प्रेत पुरावे की जाळावे, ह्यावर अंगणात तंटा लागतो, आणि विधवा दोहींकडच्या ओरडण्यात मुकी बसते. मृताची इच्छा काय होती, हे त्याच्याच तोंडून, दोन्ही बाजूंच्या माणसांसमक्ष, आधी ऐकून ठेविले असते तर हा तंटा सहसा उद्भवला नसता.

3. एका पित्याचा निरोप

पंडिता रमाबाई ह्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे 1874 साली, दुष्काळात उपासमारीने खंगून वारले. ते वृद्ध व अंध झाले होते, आणि आपल्या धर्माचे निष्ठावंत हिंदू होते. आपला काळ जवळ आला हे त्यांनी मुलांपासून लपविले नाही. सोळा वर्षांच्या धाकट्या मुलीला त्यांनी उराशी धरिले, तिच्या डोक्यावरून हात फिरविला, आपले तिच्यावर किती प्रेम होते ह्याची आठवण ठेवावयास सांगितले, सन्मार्ग सोडू नको अशी आज्ञा केली, आणि तिला देवाच्या हाती सोपविले. थोड्याच काळात आई व थोरली बहीणही गेली. पुढे 1907 साली रमाबाईंनी आपल्या जीवनाची साक्ष प्रसिद्ध केली, तेव्हा तेहेतीस वर्षांपूर्वीचा तो निरोप त्यांनी प्रेमाने व कृतज्ञतेने नमूद केला. त्या मुलीला वारशात शेत नव्हते, घर नव्हते, धान्याचा दाणा नव्हता. पित्याचा तो निरोप मात्र होता. पित्याने मरणाचे नाव टाळिले असते, तर तोही तिला मिळाला नसता.

4. आजाऱ्याजवळ कसे बोलावे

उघड बोलणे म्हणजे सत्य दगडासारखे फेकणे नव्हे. ‘आता तुमचे काही खरे नाही’ असे खाटेजवळ जाऊन म्हणणारा उपदेशक सत्यवादी नव्हे, निष्ठुर होय. प्रथम विचारावे, मग ऐकावे, आणि जितके मागितले जाईल तितकेच सांगावे. पुढील प्रश्न उपयोगी पडतात : ‘दादा, ह्या दुखण्याविषयी तुम्हाला स्वतःला काय वाटते?’ ‘डॉक्टरांनी सांगितलेले सर्व तुम्हाला ऐकावयाचे आहे, की मुलाला सांगितले म्हणजे पुरे?’ ‘कशाचे भय वाटते?’ ‘कोणाला भेटावेसे वाटते?’ प्रश्न केल्यावर गप्प बसावे. उत्तर येण्यास वेळ लागतो. कोणी ‘मला काही सांगू नका’ असे म्हणाला, तर त्याचाही मान ठेवावा. तो पुन्हा कधी विचारील, तेव्हा आपण जवळ असावे. रोगाविषयीची माहिती डॉक्टरांनी द्यावी. उपदेशकाने आपल्या अंदाजाने दिवस मोजून सांगू नयेत. तसेच, प्रार्थना केली म्हणजे बरे वाटेलच असे वचनही देऊ नये. प्रार्थना अवश्य करावी. परंतु जे देवाने आपणांस सांगितलेले नाही, ते त्याच्या नावाने सांगू नये.

पुष्कळांस मरणापेक्षा वेदनेचे भय अधिक असते. त्यांस सांगावे की, रोग बरा होत नसला तरी वेदना पुष्कळ अंशी शमविता येते. इंग्लंडात सिसिली सॉन्डर्स ह्या बाईंनी 1967 साली लंडन येथे सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उघडले, आणि मरणोन्मुख माणसाचे दुःख केवळ देहाचे नसून मनाचे, घरच्यांच्या काळजीचे व आत्म्याचेही असते, असे शिकविले. आपल्या देशात मुंबईस वांद्रे येथे 1986 साली शांती अवेदना सदन निघाले. केरळात कोझिकोडे येथे 1993 साली सुरू झालेले काम पुढे गावोगावच्या साध्या स्वयंसेवकांनी उचलून धरिले. ते आजाऱ्याच्या घरी जाऊन बसतात, जखम धुतात, घरच्यांस शिकवितात. हे काम आपल्या मंडळीच्या हातांसही जमण्याजोगे आहे. मॉर्फीन हे कठीण वेदनेवरील औषध 1985 च्या कायद्यामुळे मिळणे दुरापास्त झाले होते. 2014 साली तो कायदा सुधारून मार्ग सोपा करण्यात आला. म्हणून ‘वेदना सोसलीच पाहिजे’ असे कोणास सांगू नये; पॅलिएटिव्ह केअर कोठे मिळते, हे सरकारी किंवा मिशन दवाखान्यात विचारावे.

आशा संपलेल्या आजारात यंत्रांनी केवळ श्वास लांबवू नये, अशी इच्छा शुद्धीवर असलेल्या प्रौढ माणसाला आधीच लिहून ठेविता येते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली ह्यास मान्यता दिली, आणि 2023 साली त्याची रीत सोपी केली : दोन साक्षीदारांसमक्ष सही करावी, व कागद नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी ह्यांजकडून साक्षांकित करून घ्यावा.

5. मुलांस काय सांगावे

आजा मेला असता ‘आजोबा झोपले’ किंवा ‘आजोबा गावाला गेले’ असे आपण लेकरांस सांगतो. लहान मूल शब्द जसाच्या तसा घेते. मग ते रात्री झोपावयास भिते, अथवा एस. टी. आली की आजोबा उतरतील म्हणून वाट पाहते. पाच वर्षांखालील मुलाला मेलेला माणूस परत येत नाही, हे एकदा सांगून समजत नाही. ते पुनःपुन्हा विचारील, व तितक्या वेळा शांतपणे सांगितले पाहिजे. ‘आजोबांचे शरीर बंद पडले. आता त्यांस दुखत नाही, भूक लागत नाही. ते परत येणार नाहीत. तुझ्या काही करण्याने ते मेले नाहीत.’ हे शेवटचे वाक्य विसरू नये. आपण हट्ट केला, रागावून बोललो, म्हणून असे झाले, असे पुष्कळ मुलांच्या मनात असते. पुनरुत्थानाची आशा त्यानंतर सांगावी. सत्य लपवून सांगितलेली आशा मुलाच्या मनात टिकत नाही.

6. शोकाच्या घरी

ईयोबाचे मित्र आले, आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले. कोणी एक शब्द बोलला नाही. तोवर ते उत्तम मित्र होते. पुढे ते कारणे सांगू लागले, आणि तेथे सर्व बिघडले. आपल्या गावची रीत ह्या बाबतीत शहाणपणाची आहे : चूल पेटत नाही त्या दिवशी शेजारी पिठले-भाकरी आणून ठेवितात व जवळ बसतात. तीत उपदेशाची भर घालण्याची घाई नको.

‘विश्वास आहे तर रडता कशाला?’ असे म्हणणाऱ्याने लाजराच्या कबरेकडे पाहावे. आपण त्याला उठविणार हे प्रभूला ठाऊक होते, तरी मरीयेस रडताना पाहून तो रडला. थेस्सलनीकाकरांस प्रेषित लिहितो ते आशाहीनांप्रमाणे खेद करू नये असे. खेदच करू नये असे नव्हे. शोकास तिथी नाही व ठराविक पायऱ्याही नाहीत. कोणी पहिल्या दिवशी रडतो, कोणी पेरणीच्या वेळी एकट्याने औत धरिताना. म्हणून दहा दिवस गर्दी करून नंतर विसरू नये. तिसऱ्या महिन्यात, वर्षदिनी, नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्या घरी जावे, आणि मृताचे नाव घेऊन बोलावे. नाव काढल्याने जखम उकलेल असे आपणांस वाटते. परंतु ती उघडीच असते, आणि आपले माणूस कोणी विसरले नाही ह्याने तिला गारवा मिळतो.

मात्र कोणी दिवसेंदिवस अन्न टाकिले, झोप टाकिली, किंवा जीव देण्याची भाषा काढिली, तर ती केवळ शोकाची लहर समजू नये. त्याला एकटे ठेवू नये, डॉक्टरांकडे न्यावे. सरकारची टेली-मानस ही सेवा 14416 ह्या क्रमांकावर फोन केल्यास मिळते.

मंडळीत विचारण्यासाठी प्रश्न

1) सेवकांच्या कुजबुजीने दाविदाचे रक्षण झाले काय? आपल्या घरी अशी कुजबुज केव्हा होते?

2) आपल्या अंत्यविधीविषयीची इच्छा आपण कोणास सांगितली आहे? भाऊबंदांस ती ठाऊक आहे काय?

3) ईयोबाचे मित्र कोठपर्यंत बरे होते, व कोठे चुकले?

4) गेल्या वर्षात ज्या घरी मरण झाले, अशा घरांची नावे काढा. ह्या आठवड्यात त्या प्रत्येक घरी कोण जाणार, हे उठण्यापूर्वी ठरवा.