डिझेल ट्रकाचा इंधन-दाब कां उतरतो?

भरलेला ट्रक चढावर ओढीनासा झाला, कीं पंप गेला असें ठरवून खर्चांत पडण्याची पुष्कळ मालकांची रीत आहे. गेल्या हंगामांत कांद्याची गाडी घाटांत अडली तेव्हां आम्हींही तेंच केलें. पंप उतरविला, कांदा उन्हांत राहिला, आणि दोष निघाला टाकीकडील रबरी नळींत! म्हणून तपासणीचा क्रम येथें देतों.

फीड पंप टाकींतील डिझेल ओढून मुख्य पंपास पुरवितो. प्रथम टाकी पाहावी. तिचें हवेचें छिद्र बुजल्यास डिझेल ओढलें जात नाहीं. झांकण सैल करतांच गाडी सुधारली, तर दोष तेथेंच समजावा. नंतर भांड्यांत सांचलेलें पाणी सोडून फिल्टर बदलावा.

पुढें टाकी ते फीड पंप ही नळी. हा भाग ओढीचा असल्यामुळें चीर पडली तरी चालू इंजिनांत डिझेल बहुधा गळत नाहीं. उलट हवा आंत शिरते. सबब कोरडी नळी निर्दोष मानूं नये. तेथें पारदर्शक नळी जोडून बुडबुडे दिसतात काय तें पाहावें. शेवटीं परतीची झडप तपासावी. ती उघडी राहिल्यास दाब टिकत नाहीं.

कॉमन रेल इंजिनांत पुढील नळ्यांतील दाब १,००० बारच्याही वर जातो. त्या नळ्या इंजिन चालू असतां कदापि सैल करूं नयेत. बारीक धार कातडी भेदून अंगांत शिरते.

जागेवर पाहणी केल्यावांचून निकाल देऊं नये, हा दप्तरांतील नियम गाडीसही लागू आहे.