मॅग्नेशियमचा माल आणि गंजापासून बचाव

हलका आणि तरीही मजबूत धातू कोणाला नको? लॅपटॉपचे सांगाडे, कॅमेऱ्याचे साचे, मोटारीच्या स्टिअरिंगचा आतला गाभा, अशा किती तरी वस्तू आज मॅग्नेशियमच्या मिश्रधातूपासून बनतात. आमचा धंदा कापडाचा. परंतु या धातूशी आमचाही संबंध येतो. वार्प निटिंगच्या यंत्रात सुयांना धागा देणाऱ्या पट्ट्या मिनिटाला शेकडो वेळा हलतात. त्या जड असतील तर यंत्राचा वेग वाढत नाही. म्हणून कित्येक वर्षे त्या मॅग्नेशियमच्या मिश्रधातूच्या करीत. आता त्यांची जागा कार्बन फायबर घेत आहे, तरी जुनी यंत्रे अनेक ठिकाणी चालू आहेत. असा माल घेणाऱ्या, विकणाऱ्या किंवा त्यावर जॉबवर्क करणाऱ्या बांधवांसाठी हा विषय येथे मांडत आहोत.

एक घनसेंटिमीटर लोखंडाचे वजन ७.८७ ग्रॅम, अ‍ॅल्युमिनियमचे २.७ ग्रॅम आणि मॅग्नेशियमचे अवघे १.७४ ग्रॅम. हा फायदा मोठा आहे, पण त्याची किंमतही मोजावी लागते. हा धातू स्वभावानेच उतावळा आहे. घरातल्या गिझरमध्ये मॅग्नेशियमची एक कांडी बसवलेली असते. पाण्यात ती स्वतः झिजते आणि टाकीचे पोलाद वाचते. दोन धातू ओलाव्यात एकमेकांना चिकटून असले की त्यांच्यात वीज वाहू लागते आणि जो जास्त उतावळा असतो तो खपतो. गिझरमध्ये हे आपल्या सोयीचे आहे. पण यंत्राचा भागच मॅग्नेशियमचा असेल तर हाच गुण नुकसान करतो.

अ‍ॅल्युमिनियमवर हवेने जो थर येतो तो घट्ट बसतो आणि आतला धातू झाकतो. मॅग्नेशियमच्या ऑक्साइडचे आकारमान मूळ धातूपेक्षा कमी असल्याने तो थर पृष्ठभाग पुरता झाकू शकत नाही. त्यावर मीठ आणि दमट हवा आली की तो फुटतो, पांढरी भुकटी सुटते आणि खाली खड्डे पडतात.

यावर पहिला इलाज भट्टीतच करावा लागतो. एझेड ९१ या प्रसिद्ध मिश्रधातूत सुमारे ९ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि थोडे जस्त असते. त्यात लोखंड, निकेल किंवा तांब्याचा अंश राहिला तर धातूच्या पोटातच लहान लहान बॅटऱ्या तयार होतात. म्हणून १९८० च्या दशकात शुद्ध प्रकार निघाला, एझेड ९१ डी. त्यात लोखंड ०.००५ टक्के, निकेल ०.००२ टक्के आणि तांबे ०.०३ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. अशुद्ध ओतकामावर कितीही चांगला लेप दिला तरी तो माल टिकत नाही.

दुसरी पायरी सफाईची. कोऱ्या कापडाची खळ आणि तेल काढल्याशिवाय रंग सारखा बसत नाही, हे आमच्या व्यवसायातले कोणीही सांगेल. येथेही तेल, साच्याचे औषध आणि जुना ऑक्साइड काढल्याशिवाय पुढचे काम व्यर्थ आहे. मात्र घासताना निघणारा मॅग्नेशियमचा कीस पेट घेतो. त्यावर पाणी टाकले तर हायड्रोजन निघून आग भडकते. अशा ठिकाणी कोरडी वाळू हाताशी ठेवावी.

तिसरी पायरी लेपाची. त्याचे मुख्य प्रकार असे:

१) क्रोमेटिंग. स्वस्त, जलद आणि रंगाला चांगली पकड देणारे. परंतु यातील सहा-संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० सालीच दिला. जुलै २००६ पासून युरोपने विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक मालात त्यावर बंधन घातले. आता त्याऐवजी तीन-संयुजी क्रोमियम, फॉस्फेट किंवा झिर्कोनियमचे द्रावण वापरतात.

२) प्लाझ्माचे ऑक्सिडेशन. माल अल्कलीच्या द्रावणात बुडवून काही शे व्होल्टचा दाब देतात. पृष्ठभागावर बारीक ठिणग्या उडतात आणि चिनी मातीसारखा कठीण थर चढतो. हा थर सच्छिद्र असतो. म्हणून वरून सीलर किंवा पावडर कोटिंग देऊन छिद्रे बंद करावीच लागतात.

३) निकेल प्लेटिंग. दिसायला सर्वांत देखणे आणि सर्वांत धोक्याचे. लोखंडावर जस्त चढवले तर ओरखडा पडला तरी जस्त खपते आणि लोखंड वाचते. येथे प्रकार उलटा आहे. निकेलला सुईएवढे छिद्र राहिले तर सारा हल्ला त्या एका बिंदूवर होतो आणि खोल खड्डा पडतो.

चौथी गोष्ट जोडाची, जिच्याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. आमच्या माहितीतल्या एका कारखान्यात, समुद्राजवळच्या जागेत, दुरुस्ती करणाऱ्याने मूळ वॉशर काढून साधे स्टेनलेस स्टीलचे बोल्ट थेट बसवले. एका पावसाळ्यात भोकांभोवती पांढरी भुकटी जमली, आटे खाल्ले गेले आणि भाग बदलावा लागला. ५०५२ किंवा ६०६१ जातीच्या अ‍ॅल्युमिनियमचा वॉशर मध्ये घातला असता आणि ओलावा साचू दिला नसता तर हा खर्च वाचला असता.

तेव्हा माल घेताना इतके प्रश्न अवश्य विचारावेत. मिश्रधातूचे रासायनिक प्रमाणपत्र आहे काय? लेपाखाली कोणती प्रक्रिया केली आणि ती क्रोमरहित आहे काय? छिद्रे कशाने बंद केली? मिठाच्या फवाऱ्याची चाचणी, म्हणजे ३५ अंश सेल्सिअस तापमानात ५ टक्के मिठाचे पाणी, किती तास झाली. ती ओरखडा मारून केली की न मारता? आणि जोडाला बोल्ट व वॉशर कोणते?

आमचे जे बांधव प्लेटिंगचे काम करतात त्यांनी दराची घासाघीस करताना टाकीपाशी उभ्या राहणाऱ्या कारागिराचाही हिशेब धरावा. क्रोमिक अ‍ॅसिडची वाफ नाकाचा पडदा फोडते. सफाईत वापरले जाणारे हायड्रोफ्लुओरिक अ‍ॅसिड कातडीतून थेट हाडापर्यंत जाते. वाफ ओढून घेणारा पंखा, योग्य हातमोजे आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल यांचा खर्च दरातच धरला पाहिजे. जो खरेदीदार तेवढा दर द्यायला तयार नाही, त्याच्या मालाला हात लावण्यापूर्वी दोनदा विचार करावा.