टी-पेशींची जडणघडण : थायमसमध्ये आणि थायमसबाहेर

‘प्रतिकारशक्ती वाढविणारे औषध द्या’ ही मागणी चिकित्सालयात व औषधालयात नित्याची आहे. ही शक्ती घडते कशी, हे जाणल्यावाचून त्या मागणीस उत्तर देणे आपणांस उचित नाही.

उरोस्थीच्या मागे यौवनलोपी म्हणजेच थायमस ग्रंथी असते. 1961 मध्ये जॅक मिलर यांनी नवजात उंदरांतील ही ग्रंथी काढून तिचे प्रतिकारकार्य सिद्ध केले. अस्थिमज्जेत जन्मलेल्या पूर्वपेशी येथे येतात. बाह्यकात स्वतःच्या एमएचसी प्रथिनांना ओळखणाऱ्या पेशीच जगतात. मध्यकात स्वशरीराच्या घटकांशी तीव्रतेने बद्ध होणाऱ्या बहुतेक पेशी नष्ट होतात, तर काही नियामक बनतात. 100 पैकी 5 हूनही कमी पेशी बाहेर पडतात.

पुढील परिपक्वता लसिकाग्रंथी व प्लीहेत होते. तेथे प्रतिजनाशी गाठ पडल्यावर त्या कार्यकारी किंवा स्मृतिपेशी होतात. यौवनानंतर थायमस आक्रसते; प्रौढांत टी-पेशींची संख्या मुख्यतः बाहेरील विभाजनाने टिकते.

नियामक पेशींचा शोध शिमोन साकागुची यांनी 1995 मध्ये मांडला. या विषयातील कार्यास 2025 चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यातून बोध हा की, व्याधिक्षमत्वात बलाइतकेच नियमनही मोलाचे आहे. म्हणून स्वप्रतिरक्षा-विकाराच्या वा अवयवरोपण झालेल्या रुग्णास ‘शक्तिवर्धक’ देण्यापूर्वी चालू औषधांची चौकशी वैद्यांनी व औषधविक्रेत्यांनी अवश्य करावी. अशा रुग्णात प्रतिकार चेतविणे अपायकारक ठरू शकते.