गेमच्या सर्व्हरमागचं करिअर: घरून काम, पण कधी?

जुलै २०१६ मध्ये 'पोकेमॉन गो' हा मोबाइल गेम आला. सर्व्हरवर फार तर अंदाजाच्या पाचपट भार येईल, असं धरलेलं होतं. प्रत्यक्षात पन्नासपट आला. असा भार पेलणारी यंत्रणा उभी करणं आणि ती चालती ठेवणं हे बॅकएंड इंजिनिअरचं काम. लॉगिन, तोडीस तोड प्रतिस्पर्धी शोधून देणं, गुणतक्ता, गेममधली खरेदी हे सगळं त्याच्याकडे असतं. नेट अडकलं म्हणून खेळाडूने पैसे भरायचं बटण दोनदा दाबलं, तरी पैसे एकदाच कापले गेले पाहिजेत.

हे काम घरी बसून परदेशी कंपनीसाठी करता येतं का? येतं. पण अशी संधी बहुधा अनुभवी माणसाला मिळते.

शिक्षण कोणतं?

बीई, बीटेक, बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, बीसीए आणि पुढे एमसीए, यांतला कुठलाही मार्ग चालतो. 'गेमिंग'चा वेगळा महागडा कोर्स लागत नाही. डेटाबेस, नेटवर्क आणि ऑपरेटिंग सिस्टिम हे विषय मात्र पक्के हवेत. जावा, गो, सी शार्प यांपैकी एक भाषा खोलवर शिका.

सराव म्हणून चार जणांच्या सापशिडीचा सर्व्हर लिहा. फासा सर्व्हरवरच पडला पाहिजे. फोनवर पडला तर लबाडी करता येते. एकाचं नेट गेलं, तर परत आल्यावर तो त्याच घरात सापडला पाहिजे. एवढं जमवताना या कामातले निम्मे प्रश्न भेटतात.

पहिली वर्षं ऑफिसात

सुरुवातीची तीन-चार वर्षं शक्यतो ऑफिसात, अनुभवी लोकांच्या शेजारी काढा. पुण्यात युबिसॉफ्टचा स्टुडिओ आहे, 'लुडो किंग' नवी मुंबईत तयार झाला. गेमिंग कंपनी मिळाली नाही, तर पेमेंट किंवा ई-कॉमर्समध्येही हेच कौशल्य घडतं. सर्व्हर कोसळल्यावर जाणकार माणूस कुठे बघतो, काय आधी बंद करतो, हे जवळ बसूनच कळतं. पुढे घरून काम करताना निर्णय एकट्याने घ्यावे लागतात आणि ते सहकाऱ्यांना इंग्रजीत नेमकेपणाने लिहून कळवावे लागतात.

वेळेचाही विचार करा. सॅन फ्रान्सिस्कोत सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा झालेले असतात. तिथल्या हिवाळ्यात साडेअकरा.

पालकांनी काय तपासावं?

करार पगारी नोकरीचा आहे की कंत्राटाचा, ते आधी पाहा. कंत्राट असेल तर भविष्य निर्वाह निधी, आरोग्य विमा आणि कराचं विवरणपत्र यांची तजवीज स्वतःच करावी लागते. नोकरीसाठी कुणी आधी पैसे मागितले, तर ती फसवणूक समजा. कंपनीचा धंदा कशावर चालतो, हेही विचारा. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली आणि त्या कंपन्यांतल्या अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. ज्यांचा पाया पक्का होता, त्यांना इतर क्षेत्रांची दारं उघडी राहिली.

मुलगा असो वा मुलगी, गेम खेळण्याची आवड एवढ्यावर हे करिअर ठरवू नका. तो गेम आतून कसा चालतो, हे शोधण्यात तासन् तास जात असतील, तर मात्र निर्धास्तपणे पाठीशी उभे राहा.