शिकारीचा पाठ आणि वर्गातील मूल

‘प्राण्यांचे उपयोग’ हा पाठ चालू असता मुले मांस, कातडे, लोकर अशी नावे भराभर सांगतात. शेळीमेंढीपुरते ते ठीक चालते. मग एखादे मूल ‘ससा’ म्हणते, आणि ‘शिकार करणे पाप आहे’ एवढे बोलून शिक्षक पुढे जातात. हे उत्तर अपुरे आहे. वर्गात फासेपारधी वा कातकरी कुटुंबातील मूल असेल तर ते अन्यायाचेही होते. कारण ‘तुझा बाप पापी’ एवढेच त्या मुलाच्या कानी पडते.

फासे लावून हरणे व तित्तिर धरणे हा फासेपारध्यांचा पिढीजात व्यवसाय. त्यावर त्यांचे पोट चाले. त्याच काळविटांवर कोल्हापूर संस्थानात शिकवलेले चित्ते सोडले जात, तेही करमणुकीसाठी. संस्थानिकांच्या शिकारीला प्रतिष्ठा लाभली. पारध्यांवर मात्र गुन्हेगार जमात असा शिक्का बसला. १८७१ चा तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. गावाच्या बोलण्यातून शिक्का गेला आहे काय, हे शिक्षकांनीच पाहावे.

म्हणून आजची शिकार क्षम्य ठरते असे नव्हे. माळराने नांगराखाली गेली, कळप विरळ झाले. काळविटांसाठी रेहेकुरी येथे १९८० मध्ये अभयारण्य करावे लागले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळवीट, ससा, घोरपड यांची शिकार हा गुन्हा आहे. फासा लावणे हीदेखील शिकारच. शिवाय फासा जात पाहत नाही. रानडुकरासाठी लावलेल्या तारेत बिबट्याही अडकतो.

भूक आणि हौस यांतील भेद दाखविण्यास शाहतूशचे उदाहरण घ्यावे. तिबेटच्या पठारावर व लडाखच्या काही भागात चिरू नावाचे हरणासारखे जनावर राहते. त्याच्या अंगावरील अतिशय तलम लोकरीची शाल विणतात. मेंढीप्रमाणे चिरूची लोकर कातरून घेता येत नाही. त्याला मारावेच लागते, आणि एका शालीसाठी तीन ते पाच चिरू लागतात. गिऱ्हाइकाला मात्र सांगत, की झुडपांना अडकलेली लोकर वेचून आणली आहे. ही थाप का मारावी लागली, असे मुलांना विचारावे. उत्तर मुलेच देतील.

मांसाचा प्रश्न इतका सोपा नाही. ‘मग कोंबडी कापलेली कशी चालते?’ असे कोणी विचारल्यास त्याला गप्प करू नये. पाळलेल्या जनावराची पैदास पाळणारा करतो, रानातले मारले तर त्याची भर कोणी घालत नाही, हा फरक सांगावा. वेदना दोघांनाही होते, हेही मान्य करावे. तेथे शिक्षकाने आपला आहार मुलांवर लादू नये.

‘कोणाच्या घरी शिकार करतात?’ हा प्रश्न वर्गात कदापि विचारू नये. त्याऐवजी पाऊलखुणा व पक्ष्यांचे आवाज ओळखण्याचा तास घ्यावा. पारधी मुलाच्या घरी ही विद्या टिकली असेल आणि त्याची इच्छा असेल, तर तो तास त्यालाच चालवू द्यावा.

रानडुकरांनी भुईमूग उकरल्याची तक्रारही निघेल. ती खरी असते. तिला दयेचा उपदेश हे उत्तर नव्हे. पिकाच्या नुकसानीचा पंचनामा होऊन वनविभागाकडून भरपाई मिळू शकते. तो अर्ज कसा लिहावा, हे वरच्या वर्गाच्या पत्रलेखनात त्याच आठवड्यात घ्यावे.